पुठ्ठा कोरडा!

३ मार्च, मंगळवार

आली! परीक्षेची तारीख आली! वीस तारखेला सकाळी, आपल्याच गाडीवर. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काकू, रिव्हर्स तेवढं सुधारा, बाकी तुम्ही तयार आहात." माझं रिव्हर्स वाईट नाही. बाईंचा धीर लवकर सुटतो.

ह्यांना सांगितलं. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "बरं." वर्तमानपत्र! मथळ्याखालचं एक अक्षर दिसत नाही त्यांना! डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हटल्यापासून हे असंच. चालवत नाहीत, पण किल्ली रोज शर्टाच्या खिशात. मी शिकायला निघाले की काढून देतात — जणू दागिना उसना देताहेत — आणि आल्याबरोबर हात पुढे.

शिकाऊ परवाना महिनाअखेर संपतो. वीस तारीख हुकली की पुन्हा श्रीगणेशा, आणि पुन्हा घरात तेच महाभारत. ते माझ्याच्याने व्हायचं नाही. ह्यांना डोळ्यात इंजेक्शन घ्यायला सारखं हॉस्पिटलला न्यावं लागतं. कधी जावयाची रजा, कधी शेजाऱ्यांची मर्जी. दुसऱ्याच्या दारात चेहरा हसरा करून उभं राहायचा मला कंटाळा आलाय.

५ मार्च, गुरुवार

गाडीखाली हिरवं तळं! बोट लावून पाहिलं — बुळबुळीत, गोडसर वास. मेकॅनिकला फोन केला. "काकू, कूलंट गळतंय. इंजिन थंड ठेवणारं पाणी. तशीच चालवू नका, इंजिन बसेल."

हे दारात उभे. म्हणाले, "म्हातारी झाली आता. कशाला त्रास द्यायचा?"

गाडीबद्दल म्हणाले. बहुतेक.

७ मार्च, शनिवार

मेकॅनिक येऊन गाडीखाली आडवा झाला. खालचा भाग सगळा ओला, पण गळतं कुठून ते कळेना. "रेडिएटरच गेला असणार. बदलावा लागेल." नवा कधी मिळेल? पंचवीसच्या आत नाही! वीसला परीक्षा, पंचवीसला रेडिएटर — वरातीमागून घोडं!

न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं. इथे लिहायला काय लाजायचं.

जाता जाता हात पुसत मेकॅनिक म्हणाला, "एक औषध मिळतं बाटलीत. रेडिएटरमध्ये ओतायचं. पाण्याबरोबर फिरतं, आणि जिथून गळतंय तिथे हवा लागली की घट्ट होऊन बसतं. पण मी ते घ्या म्हणणार नाही, काकू. भोक कुठलं आणि बारीक नळी कुठली, त्याला कळत नाही. हीटर चोंदतो. आणि तिठ्यावरच्या दुकानातून तर मुळीच घेऊ नका."

घ्या म्हणणार नाही म्हणत दुकानाचा पत्तासुद्धा सांगून गेला!

९ मार्च, सोमवार

काल लेकीकडे गेलो. जावयाने कूलंट भरून गाडी हळूहळू नेली. मी घरून पुठ्ठा नेला होता, तो खाली सरकवला. दिवसभर उभी — एक थेंब नाही! लेक म्हणाली, "आई, बरी झाली की गं!" संध्याकाळी घरी आणली. आज सकाळी पाहते तर पुन्हा तळं!

माहेरी हसरी आणि सासरी रडकी! ह्यांना सांगितलं तर हसलेसुद्धा नाहीत. एरवी असल्या विनोदावर टाळी द्यायचे.

पायजम्याच्या दोन्ही गुडघ्यांना काळे डाग. पहाटे उठून कुंड्यांपाशी गुडघे टेकायचे ह्यांनी, आणि घासत बसायचं मी.

११ मार्च, बुधवार

बाटली आणली. पिशवीत भाजीखाली लपवून! चोरासारखी! स्वतःच्याच घरात!

१२ मार्च, गुरुवार

आज केलं!

हे फिरायला गेले आणि शिकवणाऱ्या बाई आल्या. पुठ्ठ्यावर सकाळपासून टप टप चालूच होतं. बाटलीवरचं बाईंनी मोठ्याने वाचलं — इंजिन थंड असल्याशिवाय झाकण उघडू नये. हे मला सांगायला नको. कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण काढणारी बाई मी नव्हे.

बाटली हलवली. हात भरून येईपर्यंत हलवली. आतलं औषध करडं, घट्टसर, भिंतीच्या रंगाच्या डब्यात तळाशी गाळ असतो तसं. सगळं ओतलं, वरून कूलंट भरलं, झाकण घट्ट केलं. इंजिन चालू. हीटर पूर्ण गरमवर, म्हणजे औषध सगळीकडे फिरतं. बाहेर ऊन, आत हीटर, आणि आम्ही दोघी इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे डोळे लावून! बाई म्हणाल्या, "काकू, परीक्षेला इतकी भीती वाटत नाही हो." मला वाटत होती. इंजिन बसलं असतं तर हे जन्मभर बोलले असते. त्याहून वाईट म्हणजे, काहीच बोलले नसते.

काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला. मग गल्लीतून दोन फेऱ्या. परत आणून उभी केली, कोरा पुठ्ठा सरकवला.

टप. बऱ्याच वेळाने, टप. मग मी खुर्ची घेऊन बसले. पुढची टप आलीच नाही.

१३ मार्च, शुक्रवार

पुठ्ठा कोरडा!!!

कोरडा! खडखडीत! मी अंगणात ओरडलेच. हे बाहेर आले, पुठ्ठा हातात घेतला, उलटा केला, बोटं फिरवली. "असं कसं?" म्हणाले. बाटली दाखवली. रिकामी होती, आता काय लपवायचं! "बायकोला कमी समजू नये," म्हटलं. ह्यांनी बाटली डोळ्यांपाशी नेऊन बराच वेळ धरली.

१४ मार्च, शनिवार

आजही कोरडा. हीटर मात्र गेला, नुसती कोमट फुंकर येते. जाऊ दे, मला काय गाडीत अंडी उबवायची आहेत?

ह्यांच्या अंगठ्याला चांगलंच कापलंय. "कुंडी फुटकी होती," म्हणाले. धुऊन पट्टी बांधली. लहान मुलासारखा हात पुढे करून बसले होते. वाईट वाटलं.

१७ मार्च, मंगळवार

रिव्हर्स जमलं! एकदाच आपटलं, तेही कचऱ्याच्या डब्यावर. डबा आधीच चेपलेला होता.

२० मार्च, शुक्रवार

पास! पास! पास!

रांगेत सगळी कोवळी पोरं, मध्ये मी आणि माझी म्हातारी गाडी. पुढचा एक पोरगा चढावर मागे घरंगळला, त्याचं तोंड एवढंसं झालं. माझी पाळी आली. चढावर थांबले, ब्रेक सोडला — एक बोटभरसुद्धा मागे नाही! काटा मध्यावर. रिव्हर्स एका फटक्यात!

परीक्षक साहेब कागदावर सही करताना म्हणाले, "काकू, इतक्या वर्षांत का नाही शिकलात?"

म्हटलं, "चालवणारा होता."

घरी आले. ह्यांनी विचारलं, "पास?" "पास!" मान हलवली, आत गेले. मला वाटलं होतं, आज तरी टाळी देतील. असो. लेकीने फोनवर इतका आरडाओरडा केला की दोघांचा वाटा निघाला.

२५ मार्च, बुधवार

रेडिएटर आला म्हणून गाडी गॅरेजला नेली. एकटीने! सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं. मीही पाहिलं.

मेकॅनिक गाडीखाली गेला तो बराच वेळ बाहेर येईना. मग म्हणाला, "काकू, ह्याला भोकच नाही."

रेडिएटरच्या तळाला, पाणी सोडायला, प्लास्टिकची छोटी तोटी असते. हाताने फिरवायची. तिचा फिरवायचा एक कान तुटलेला, आणि आट्यांमध्ये माझं औषध दगडासारखं बसलेलं. "कोणीतरी ही सैल करत होतं. औषधाने ती पकडली, मग जोर लावला असणार, आणि तुटली." माझ्याकडे बघून नजर खाली घातली. "शेजारची पोरं असतील."

"असतील," म्हटलं. नवा रेडिएटर त्यालाच ठेवायला सांगितला.

गुडघ्यांचे डाग. अंगठा. लेकीकडे निघताना तोटी घट्ट म्हणून तिथे कोरडी, घरी सैल म्हणून ओली. आणि मी अक्कलशून्य, कुंड्यांना दोष देत बसले! ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नाही, त्यांनी पहाटे नुसत्या हाताने चाचपून ती एवढीशी तोटी शोधली! अख्खी गाडी बोटांत आहे त्यांच्या.

संताप संताप झालाय. मी न्हाणीघरात रडत होते तेव्हा हे बाहेर बसून ऐकत होते! जेवणाचं ताट आपटूनच वाढलं. उद्या इंजेक्शन आहे. उद्या गाडीतच बोलणार, एकेक शब्द! चालत्या गाडीतून कुठे पळतील?

२६ मार्च, गुरुवार

तावातावाने बाहेर आले तर बॉनेट उघडं. हे वाकून पाण्याची पातळी बोटाने बघत होते. "बरोबर आहे," म्हणाले. बॉनेट लावलं. सवयीने चालवायच्या बाजूच्या दारापाशी गेले, थांबले, आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले. मी चालवायच्या जागी बसले तशी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. तिच्याबरोबर प्लास्टिकचा तुटका कान.

"तू शिकलीस की मी कुठे बसायचं, तेच कळेना," म्हणाले.

पाठ केलेलं सगळं राहू दिलं आणि तुटका कान पर्समध्ये टाकला. म्हटलं, "इथेच बसा. आणि रोज सकाळी पाणी तुम्हीच बघायचं."

पाणी मी उतरून पाहिलं नाही. पुठ्ठाही पाहिला नाही. किल्ली फिरवली.