सतराव्या प्रकरणातला मुका

न्यूयॉर्क,
मंगळवार, १ नोव्हेंबर १९९४

प्रिय विनी,

तुझं पत्र आणि सफरचंदाच्या मुरंब्याची बाटली, दोन्ही सुखरूप पोचलं. बाटली निम्मी संपलीसुद्धा, तेव्हा हॉवर्डला सांग की मेहुणा अजून तसाच हावरट आहे. त्याचा गुडघा कसा आहे? छपराचं काम बर्फ पडायच्या आत उरकून घ्या. दरवर्षी तुमचं ‘पुढच्या आठवड्यात’ चालतं आणि मग हिवाळाभर बादल्या लावत बसता.

माझ्या ओळी हल्ली उताराला लागल्यात असं तू लिहिलंस. पेन बदललंय, दुसरं काही नाही.

आमच्या संस्थेला तू ‘मेलेल्या लेखकांची लाँड्री’ म्हणतेस, ते मी कोरीनला सांगितलं. ती म्हणाली, “बहिणीला कळवा, इथे कपडे धूत नाहीत, डागसुद्धा जपून ठेवतात.” पोरगी तिखट आहे, पण खरं तेच बोलली. देणग्यांवर चालणारी आमची संस्था, नफ्याशी देणंघेणं नाही. जुन्या लेखकांनी जसं लिहिलं तसंच छापायचं, एक शब्द हलवायचा नाही आणि पुस्तक बाजारातून कधी संपू द्यायचं नाही. सव्वीस वर्षं मी इथे बसून वाचतोय. लेखकाच्या हयातीतली पहिली प्रत माझ्या हातात, नवी प्रुफं कोरीनच्या हातात. मी मोठ्याने वाचतो, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं उच्चारून. ती ऐकते आणि फरक आला की प्रुफावर खूण करते. वाद घालायचा नाही, कारण जुनी प्रत म्हणजे शेवटचा शब्द. पान संपलं की खाली दोघांच्या सह्या: वाचणारा, ऐकणारी.

आता गंमत ऐक. सध्या थर्झा कोल्बर्नची ती मिठागराची कादंबरी चालू आहे. आपलं हिरवं पुस्तक, विनी, लहानपणी तू मला वाचून दाखवायचीस ते. ते शाळेसाठी सोपं केलेलं होतं, पुष्कळ ठिकाणी बदललेलं, आमच्या कामाला शून्य उपयोगाचं. पण मला ते अजून पाठ आहे.

तर एक काम कर. माळ्यावरच्या ट्रंकेत ते असेल. त्याचं सतरावं प्रकरण उघड. आई मुलाला मिठाच्या कोठारात सोडून निघते, कंदील खाली ठेवते, तिथे बघ. जाण्याआधी ती त्याचा मुका घेते का? एवढंच सांग. सोमवारी पानं छापखान्यात जाणार, त्याच्या आत सांग. फोन केलास तरी चालेल.

तू विचारशील, खरी प्रत तुझ्यासमोर असताना माळ्यावर मला कशाला चढवतोस? हॉवर्डही तेच विचारेल. बरं, सांगतो. गेल्या बुधवारी मी ते पान वाचत होतो आणि कोरीन म्हणाली, “थांबा. माझ्याकडे ती कंदील ठेवते आणि वळते. मुका कुठून आला?” मी म्हटलं, “पानावर आहे.” ती म्हणाली, “पानावर असेल तर असेल,” आणि तिने मुका प्रुफात लिहून घेतला. त्या आठवड्यात अशा अकरा खुणा झाल्या. इतक्या कधीच होत नाहीत. तिने सगळ्या केल्या, एकदाही माझ्या हातातलं पुस्तक ओढून बघितलं नाही. हे सगळं इतक्या विश्वासावर चालतं की आता मला घाम फुटतो.

विनी, पेन जुनंच आहे. ऑगस्टमध्ये डॉक्टरकडे गेलो होतो. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आलाय, कुणी पानावर अंगठा ठेवल्यासारखा. कडेचं दिसतं, मधलं जातं. औषध नाही म्हणाला. मी कुणाला बोललो नाही. पुस्तक पाठ होतं, म्हणून वाटलं की एवढं एक निभावून नेऊ, आणि मग सन्मानाने घरी बसू. परवा ते पान तासभर भिंगाखाली धरलं. कंदील दिसला, पुढची ओळ अंगठ्याखाली गेली. कुणाला विचारायची सोय नाही. विचारलं की संपलंच.

म्हणून तुला विचारतोय. मुका हिरव्या पुस्तकात असला, तर मी वाचत नव्हतो, घोकलेलं म्हणत होतो. नसला, तर तो मी इथल्या पानावरच पाहिला, आणि डोळे अजून कामाचे आहेत. नसू दे, एवढंच मनात घोकत बसलोय.

वाट बघतोय.

तुझा,
लायमन


न्यूयॉर्क,
शनिवार, ५ नोव्हेंबर १९९४

प्रिय विनी,

अक्षर पाहून दचकू नकोस. मी सांगतोय, कोरीन लिहितेय. मध्येच काही खवचट आलं तर ते तिचं.

काल मी तुझा फोन ठेवून दिला. रागावलो नव्हतो. पण तुला काहीच न बोलता ठेवला, आणि रात्रभर तू काय काय विचार केला असशील. मला माफ कर.

तू म्हणालीस, “नाहीये रे मुका. कंदील ठेवते आणि जाते.” विनी, मला इतकं हलकं वाटलं की समोर बसलेल्या कोरीनकडे बघून मी हसलो. म्हणजे पानावर होता. म्हणजे मला दिसतंय. आणि मग तू म्हणालीस, “तो मी घातला होता, लायमन. आईला क्षयाच्या दवाखान्यात नेलं, त्याच आठवड्यात ते प्रकरण आलं. डॉक्टरांनी तिला तुझ्याजवळ येऊ दिलं नव्हतं. सोळावं संपलं की तू पांघरूण तोंडावर ओढायचास. मी बारा वर्षांची होते, मला दुसरं काय सुचणार?”

छप्पन्न वर्षं मी तो मुका छापील समजत होतो.

फोन ठेवल्यावर कोरीनने विचारलं, “काय झालं, मिस्टर प्रॅट?” मी सगळं सांगितलं. डोळ्यांचं, ऑगस्टचं, अकरा खुणांचं. तिने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, “डोळे गेले त्याचं मला वाईट वाटतं. पण खुणा तुम्ही माझ्या हाताने करवून घेतल्यात. खाली सही माझीही आहे.” तिचं खरं आहे, तिची सही मी खोटी पाडली. (कोरीन म्हणते, हे वाक्य जसंच्या तसं ठेवा.)

मग ती मला आमच्या मुख्य संपादक मिसेस हॅलोरनच्या खोलीत घेऊन गेली. बाईंनी छापखान्याला फोन करून सोमवार रद्द केला. आज सकाळपासून सगळं पुन्हा वाचताहेत, जुनी प्रत कोरीनच्या हातात आणि प्रुफं बाईंच्या. मी कोपऱ्यात बसून ऐकलं. अकरापैकी नऊ खुणा चुकीच्या निघाल्या. सहा हिरव्या पुस्तकाच्या असाव्यात. मुका धरून तीन कुठल्याच पुस्तकातल्या वाटत नाहीत. एका ठिकाणी मुलाला गरम सूप मिळतं, दुसरीकडे कुत्रा परत येतो. हे तुझंच काम ना?

सतराव्या प्रकरणाशी कोरीन थांबली. माझ्याकडे बघितलं असावं, मला चेहरा नीट दिसला नाही. मग तिने वाचलं: ती कंदील खाली ठेवते, स्वल्पविराम, आणि वळते, पूर्णविराम. बाईंनी मुका खोडला. तेच बरोबर आहे. लेखिकेने तसं लिहिलं होतं आणि आम्ही तेवढ्यासाठीच आहोत. तरी तो खोडल्याचा आवाज मला ऐकवला नाही.

माझं टेबल बुधवारपर्यंत रिकामं होईल. बाई चांगलं बोलल्या, त्यामुळे जास्तच लाजल्यासारखं झालं. पुढे काय करायचं ते कळत नाही. भीती वाटते, विनी, हे लिहायला सांगतानासुद्धा वाटते.

मी एकोणीस तारखेला बसने येतोय. हॉवर्डला थांब्यावर पाठव, पाटी वाचायचा भरवसा नाही. हिरवं पुस्तक माळ्यावर परत टाकू नकोस. संध्याकाळी तू वाच, पहिल्यापासून. समोर प्रत धरून कुणी बसणार नाही, खूण कुणी करणार नाही. सूप असू दे, कुत्रा येऊ दे. सतरावं आलं की पानाकडे बघू नकोस, त्या वेळी वाचलंस तसंच वाच.

हे पत्र कोरीनने मला स्वल्पविरामांसकट वाचून दाखवलं. मी काही बदललं नाही.

वाचणारी: को. दुप्रे
ऐकणारा: तुझा लायमन