दोनशे बारा घरटी

३ एप्रिल, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. शास्त्रीय कामाला नोंद लागते.

आठ जूनला टाउन हॉलमध्ये जाहीर सुनावणी आहे. अणुवीजकेंद्राच्या अपघाताला सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून कुलूप लावून ठेवलेला बंद पट्टा आता लोकांना फिरायला खुला करायचा की नाही, हा प्रश्न. पट्ट्यातले पशुपक्षी मजेत आहेत की आजारी, यावर सगळं ठरणार. दोन महिने पेपरात याच विषयावर हाणामारी चालू आहे. मी 'मजेत' पक्षाचा. केंद्राचा माजी माहिती अधिकारी असल्यामुळे माझ्या शब्दाला वजन आहे.

'आजारी' पक्षाची मुख्य साक्षीदार आमची बबडी. वय छत्तीस, पक्ष्यांची डॉक्टर, म्हणजे डॉक्टरेटवाली. माझीच मुलगी, त्यामुळे बुद्धी आहे. दिशा चुकली, एवढंच.

संकल्प: रोज सहाला उठणे. पट्ट्यातली भिंगऱ्यांची घरटी स्वतः मोजणे. सुनावणीत बबडीला प्रेमाने हरवणे. एकदा हरली की राग जाईल आणि घरी येईल. दोन वर्षांत आलेली नाही.

५ एप्रिल, सकाळी ९
सहाला उठायचं होतं. साडेआठला उठलो, पण एकदम ताजातवाना.

भिंगरी हा दुभंगलेल्या शेपटीचा, छपराखाली चिखलाचं घरटं करणारा मूठभर पक्षी. बबडीचं सगळं संशोधन याच्यावर. तिचं म्हणणं, पट्ट्यातल्या भिंगऱ्या कमी झाल्या, अंडी फुटत नाहीत, गळ्यावर पांढरे ठिपके उमटतात. मी पेपरला पत्र लिहून कळवलं होतं की पांढरे ठिपके दिसायला छान दिसतात आणि हा अभ्यास कच्चा आहे. त्याच पत्राचा तिनं राग धरला. शास्त्रात टीका सहन करायला हवी.

दुर्बीण आणली. उलटी धरली की बायको फार लांब दिसते. ही म्हणाली, तशीच धरा, मलाही बरं वाटतंय.

९ एप्रिल
बबडीचा फोन येतो, पण नेमका मी आंघोळीला गेलो की. साडेआठला. दोन वर्षं हा योगायोग चालू आहे. बाहेर येईतो ही फोन ठेवून भाजी निवडत बसलेली असते.

उद्यापासून आंघोळ आठला उरकायची.

१० एप्रिल
आठला आंघोळीला गेलो. फोन आठला आला.

हिला म्हटलं, कमाल आहे. ही म्हणाली, आहे खरी.

१४ एप्रिल, दुपारी
पास मिळाला. दिवसा दोन तास पट्ट्यात सोडतात. फाटकावरच्या शिपायानं पांढरा झगा, बुटांवर पिशव्या, खिशाला किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र दिलं. यंत्र टिकटिक करत होतं. मी त्याला समजावून सांगितलं की टिकटिक सगळीकडेच होते, हॉस्पिटलात होते, घड्याळात होते. तो म्हणाला, साहेब, झग्याची चेन लावा.

आत जुना बस डेपो. छपराखाली घरटीच घरटी! एकट्या डेपोत ६४. मान दुखून आली, पण डोळ्यांत पाणी आलं ते आनंदानं. कोण म्हणतं भिंगऱ्या कमी झाल्या?

मोजताना पक्षी काही दिसला नाही. दुपारची वेळ. चरायला गेले असणार.

१६ एप्रिल
मान वळत नाही. डाव्या बाजूचं जग बंद. मोजणीला सुट्टी.

२१ एप्रिल
रिसॉर्टवाला भेटायला आला. पट्टा खुला झाला की हा तिथे तंबू ठोकणार. मला 'सर' म्हणतो. पट्ट्यातल्या कॅमेऱ्यानं टिपलेला हरणाचा फोटो आणला होता. हरणाच्या चेहऱ्यावर समाधान स्पष्ट दिसतं. हिला दाखवला. ही म्हणाली, सगळी हरणं अशीच दिसतात, कसायासमोरसुद्धा.

हिला शास्त्राची गोडी नाही.

२ मे, सकाळी ११
पंपहाउस ३८, गोदाम ५१. एकूण १५३. वेग जबरदस्त आहे.

हिनं विचारलं, कॉलनीत गेलात का? आपण तिथेच राहायचो, कॉलनीच्या कमानीखाली तर कितीतरी घरटी असायची. म्हटलं, वेळ पुरला नाही. पासची मुदत दोनच तास, कॉलनी डेपोपासून चालत चांगली दहा मिनिटं. आता वयही झालं.

११ मे
माझं पत्र छापून आलं. संपादकानं चौदा परिच्छेदांतला एक ठेवला आणि तोही मधला. 'तरीही हे खरे आहे' इथून सुरू होतं. कशाच्या तरीही, कुणाला कळणार? फोन करून झापला. तो म्हणाला, जागा कमी होती. त्याच पानाच्या मागे बबडीची अख्खी मुलाखत, फोटोसकट.

फोटोत गळ्याला स्कार्फ. एवढ्या उकाड्यात. हल्लीच्या मुलींची फॅशन.

ही कात्री घेऊन आली आणि फोटो कापून घेऊन गेली. पाठीमागच्या बाजूला माझं पत्र होतं, त्याचे दोन तुकडे झाले.

१२ मे
काल अर्धवट लिहिलं, ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे गैरसमज नको. बबडीच्या गळ्याचं ऑपरेशन एकोणिसाव्या वर्षी झालं. गाठ होती, काढली. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर. बाकी ठणठणीत. असली ऑपरेशनं कुणाचीही होतात, जिथे वीजकेंद्र नाही अशा गावातही होतात. मी हे तेव्हा डॉक्टरांनाही समजावून सांगितलं होतं. डॉक्टर काही बोलले नाहीत, म्हणजे पटलं असणार.

आणखी एक. अपघाताच्या दिवशी कॉलनीच्या लाउडस्पीकरवरून निवेदन मी वाचलं, यावरून अजूनही काही लोक मला नमस्कार करत नाहीत. सर्व काही सुरळीत आहे, मुलांना खेळू द्यावे, असा मजकूर होता. लिहिला वरच्यांनी. मी फक्त वाचला. माझा आवाज चांगला होता, हा माझा दोष नव्हे. चौथ्या दिवशी बस आल्या आणि सगळ्यांना हलवलं, त्याची घोषणाही मीच केली. ती मात्र कुणाच्या लक्षात नाही.

आणि आता तर सिद्धच होतंय. सव्वीस वर्षांनी पाखरं तिथे सुखानं घरटी बांधतात, तर तेव्हा मी काय चुकीचं वाचलं?

२० मे
आंघोळ बंद करून पाहिली. तीन दिवस. फोन आला नाही.

ही म्हणाली, तुमची आंघोळ हा माझा मुलीशी बोलायचा वेळ आहे, तेवढा तरी सोडा. मग स्वयंपाकघरात गेली. भांडी आपटली नाहीत. आपटली असती तर बरं झालं असतं.

आंघोळ केली. नळ चालू ठेवून दाराला कान लावला. ही म्हणत होती, जेवतेस ना नीट, गोळी घेतलीस ना. मग बराच वेळ नुसती हुं हुं. मग म्हणाली, त्यांचं काय, ते मोजतात.

३० मे
शाळेच्या इमारतीत ५९. एकूण २१२. नाण्यासारखा खणखणीत आकडा आहे. तक्ता केला, रंगीत. भाषण लिहिलं. आरशासमोर म्हटलं, वेळ लावली: बावीस मिनिटं. मिळणार पाच. भरभर बोलायचं.

भाषणाचा शेवट असा: 'आणि डॉक्टरीणबाईंना मी एक बाप म्हणून सांगतो, चल घरी.' इथे टाळ्या पडतील. रिसॉर्टवाल्याला सांगून ठेवलंय, सुरुवात त्यानं करायची.

८ जून, संध्याकाळी ७
सुनावणी झाली.

हॉल भरला होता. मी २१२ म्हटल्यावर पहिल्या तीन रांगांत टाळ्या. पुढचा मजकूर भरभर बोलताना पानं पडली, खालीवर झाली, शेवटचं पान सापडलं नाही. त्यामुळे 'चल घरी' राहिलं.

मग बबडी उठली. वाळली आहे. कानाजवळ केस पिकलेत, हे हिनं मला सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, या गृहस्थांची मोजणी अगदी बरोबर आहे. त्यांनी सांगितलेल्या चारही इमारतींत आम्हीही मोजलं, २१२ च भरली. फक्त आम्ही शिडी लावून, काठीला आरसा बांधून प्रत्येक घरट्यात डोकावलो. चिखलाचं घरटं आडोशाला असलं की वर्षानुवर्षं टिकतं, आत कुणी असो नसो. २१२ पैकी नांदती सतरा. त्यांतल्या नवांत पिल्लं. बाकीची जुनी, रिकामी.

मागून कुणीतरी हसलं. तिनं तिकडे असं पाहिलं की हसणं थांबलं. म्हणाली, यात मोजणाऱ्याची चूक नाही, खालून तसंच दिसतं. मलाही लहानपणी असंच शिकवलं होतं, की लांबूनच मोजायची, वर चढून आत बघायचं नाही, नाहीतर आई घरट्यात परत येत नाही.

शिकवलं मीच होतं. खरं कारण म्हणजे मला शिडीची भीती वाटते.

अख्ख्या भाषणात तिनं मला 'बाबा' म्हटलं नाही, की हा माणूस माझा कोण हे सांगितलं नाही. मला वाचवलं, हे मला बाहेर आल्यावर कळलं. पट्टा बंदच राहणार. रिसॉर्टवाला न भेटता गेला.

व्हरांड्यात पाण्याच्या टाकीपाशी ती एकटी होती. मी म्हटलं, आकडा तरी जुळला. ती हसली, पहिल्यासारखी. मग म्हणाली, बाबा, एक विचारू? रागावून नाही विचारत. त्या दिवशी मी खेळून घरी आले तेव्हा आपल्या खिडक्या बंद होत्या. फटींना ओले पंचे लावले होते. आईला विचारलं तर ती रडते. तुला माहीत होतं का?

म्हटलं, मला आठवत नाही. धूळ फार यायची तिकडे.

ती बरं म्हणाली. पाण्याचा पेला टाकीवर ठेवला आणि गेली.

९ जून
काही नाही.

१० जून, दुपारी ४
ही रोजनिशी कुणी वाचणार नाही. म्हणून लिहितो.

निवेदन सव्वादहाला वाचलं. त्याआधी दहाला वरून फोन आला होता, की तुमच्या घरच्या खिडक्या लावून घ्या, कुणाला बोलू नका. मी घरी पळत गेलो. हिला म्हटलं, पंचे ओले कर. हिनं विचारलं, बबडी? म्हटलं, येतेय, निरोप धाडलाय.

निरोप धाडला नव्हता. खिडकीतून ती दिसत होती. कमानीखाली, आठ-दहा पोरांत, मान वर करून घरटी मोजत होती. मी एक हाक मारली असती तर वर आली असती, पायांत वारं होतं तिच्या. पण मैदानात तीसएक बायका होत्या. माहिती अधिकाऱ्यानं मुलांना खेळू द्या म्हणायचं आणि स्वतःची पोर घरात घ्यायची, हे त्यांनी पाहिलं असतं. सगळ्यांनी आपापली पोरं उचलली असती. घबराट झाली असती. नोकरी गेली असती. तेव्हा वाटलं, एका दिवसानं काय होतंय.

सगळी पोरं आत गेली असती, हे आज लिहिताना कळतंय. सगळीच.

संध्याकाळी पाचपर्यंत ती बाहेर होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. मध्ये एकदा तिला मी खिडकीत दिसलो. तिनं बोटांनी आकडा दाखवला, किती मोजली त्याचा. मी काचेच्या आतून शाबास म्हणून हात हलवला.

मला माहीत होतं. तिला हे सांगायचं. उद्या सकाळी, फोन करून, हिच्यासमोर. पाठ करत बसायचं नाही, सरळ बोलायचं. हा शेवटचा संकल्प.

११ जून, सकाळी ९.२०
फोन केला. उचलला तिनं. म्हणाली, बोल बाबा.

तब्येत विचारली. बरी आहे म्हणाली. तिकडे पाऊस आहे का विचारलं. नाही म्हणाली. इकडेही नाही म्हटलं. आरसा काठीला कसा बांधतात ते विचारलं, तिनं नीट समजावून सांगितलं.

त्यानंतरही तिनं बराच वेळ फोन धरून ठेवला होता. मी म्हटलं, बरं, ठेवतो.