तेलघाणा कुस्तोदियाच्या नावे

मी, युफ्रासिया मोलिना, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार तोर्रेलारा, जिल्हा हाएन, स्पेन, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. म्हातारीला चळ लागला, असे माझा भाचा लेआंद्रो सांगेल. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर गावाला, वाचनालयासाठी. त्यात पर्यटकांच्या खोल्या काढल्यास देणगी रद्द समजावी.

२. लेआंद्रोला काळी शाल आणि वेताची टोपली. जन्मभर मी पँट घालून ट्रॅक्टर चालवला. पण याने पर्यटकांसाठी तेल-सहली सुरू केल्या आणि मला शाल गुंडाळून, हातात टोपली देऊन दारात बसवले. गावची आजी म्हणे! लोक फोटो काढायचे आणि मी दात काढायचे. हौस बघा माझी.

३. ऑलिव्हची बाग व तेलघाणा कुस्तोदिया रुईस हिला. तीस वर्षे घाणा तिनेच सांभाळला. कारण लिहिते, म्हणजे लेआंद्रोने कोर्टाची पायरी चढू नये.

गेल्या डिसेंबरात फळे मंगळवारी उतरवली. ती त्याच दिवशी गाळायची असतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळते. पण पाहुण्यांची बस शनिवारी येणार, त्यांना घाणा चालताना दिसला पाहिजे, म्हणून या दीडशहाण्याने चार दिवस पोती रचून ठेवली. फळे आतून तापली, तेल कुबट निघाले. पाहुणे पाव बुडवून वाहवा करत होते. तेल बिघडलंय, असे मी लेआंद्रोच्या कानात सांगितले, तर म्हणाला, "आत्या, त्यांना कुठं कळतंय?"

कुस्तोदिया मात्र सगळ्यांसमोर उभी राहिली. "हे खाऊ नका. हे खराब झालंय. आमचं तेल असं नसतं." लेआंद्रोने तिला तिथल्या तिथे कामावरून काढले. तिने माझ्याकडे पाहिले. घाणा माझा होता, एक शब्द पुरला असता. समोर कॅमेरा होता. मी हसत बसले.

पाहुण्यांना माझी ना नाही. त्यांनी गाळपाच्या दिवशी यावे, गाळप त्यांच्यासाठी थांबणार नाही.

४. कुस्तोदिया तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बरोबरच करते. तिने घाणा घ्यावा, एवढीच विनंती. मला माफ करणे ही अट नाही.

सही : युफ्रासिया मोलिना
साक्षीदार : डॉ. बेनिता ओर्तेगा, पाहुण्यांच्या बसचा चालक अन्सेल्मो गार्रीदो (त्या दिवशी याने पाव कोरडाच खाल्ला)
तोर्रेलारा, १२ मार्च २०२३