सोळावं प्लास्टिक

३ नोव्हेंबर

पुन्हा साक्षीच!

जयसिंगपूरच्या यशराजचं ग्राफिक्स कार्ड आलंय दुकानात. कोरं करकरीत, दहा दिवसांचं. तो बिल्डरांना न बांधलेल्या घरांचे व्हिडिओ करून देतो. काम सुरू केलं की कार्ड एकशे पाच अंशांवर जातं, पंखा गिरणीसारखा ओरडतो. कंपनीकडे पाठवलं तर महिना जाणार. "वॉरंटी गेली तर जाऊ दे. शुक्रवारी काम द्यायचंय मला."

पावती मी लिहिली. आणि विजयसिंहदादांनी — मालकच ते — कार्ड माझ्या डोक्यावरून तिच्या हातात दिलं. "साक्षी, उघड गं. कंपनीची पेस्टच बिघडलेली दिसती."

मी बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स. ती आयटीआय. मी दोन वर्षं काउंटरवर. ती सात महिन्यांपूर्वी आली ती थेट दुरुस्तीच्या टेबलावर!

४ नोव्हेंबर

बाबा गल्लीत सांगत होते, "आमची तेजस्वी कोल्हापुरात शाहूपुरीत कंप्युटर दुरुस्त करती." कागलचं आमचं घर त्या एका वाक्यावर ताठ उभं आहे. घरातली पहिली पदवी माझी. मी पावत्या फाडते हे कुणाला माहीत नाही.

५ नोव्हेंबर

तिनेच बोलावलं. "ताई, या की! बघा कंपनीनं काय करून ठेवलंय!"

चिपची उष्णता बाहेर ओढणारी ती पेस्ट एका कोपऱ्यावर नव्हतीच. बाकीची कडेला जाऊन वाळलेली. तिने स्पिरिटने पुसली, नवी पसरली — इतकी सारखी, इतकी पातळ! लिहायला जिवावर येतं, पण सुंदर. मला सगळं तोंडपाठ आहे. माझ्या हातून मात्र पेस्टचे गोळेच होतात.

मग मेमरीवर नवे मऊ पॅड. आठ पॅड, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी पातळ प्लास्टिक. ते सोलूनच लावायचं, नाहीतर उष्णता आतच अडते. सातव्या पॅडला तिचा फोन वाजला. बोलून परत आली आणि थेट आठवा घेतला. सातव्याचं वरचं प्लास्टिक तसंच! उजेडात चमकलं. मला दिसलं.

मी बोलले नाही.

तिने स्क्रू आवळले.

६ नोव्हेंबर

चिप बहात्तर अंशांवर! दादा म्हणाले, "हात हाय का काय हाय पोरीचा!" सगळ्यांना मिसळ. मेमरी किती तापते हे कुणी पाहिलंच नाही. यशराज कार्ड घेऊन गेला. मी तर्री दोनदा मागितली.

७ नोव्हेंबर

साक्षीने आज रजा टाकली. दुकानात बरं वाटलं.

कॉलेजच्या निरोप समारंभात मी बोलले होते — ज्याला कळतं आणि जो सांगत नाही, तो चोर. केवढ्या टाळ्या पडल्या होत्या.

मेमरी जळली तर कार्ड संपलं. यशराजचं काम बुडेल. साक्षीला दादा टेबलावरून उठवतील. आणि रिकामं टेबल — नाही, हे लिहायचं नाही.

लिहिलंच.

८ नोव्हेंबर

यशराजचा नंबर दोनदा काढला. लावला नाही.

९ नोव्हेंबर

लावला! "कार्ड बंद करा, आत एक प्लास्टिक राहिलंय," एका दमात सांगितलं.

तो हसायलाच लागला. "अहो, ते परवाच निघालं की! तुमच्या साक्षीताई सकाळी सकाळी एसटीनं आलत्या. म्हणाल्या, टेबलावर पंधराच प्लास्टिकं सापडली, सोळा पायजेत. हितंच बसून काढलं त्यांनी."

दादांनाही तिने आपणहून सांगितलंय म्हणे. चूक तिची, आणि तरी मोठी तीच! आनंद व्हायला हवा होता मला. कार्ड वाचलं. पण आतून नुसती जळले.

१० नोव्हेंबर

दादा म्हणाले, "उद्यापास्नं कार्डाचे स्क्रू आवळायच्या आधी दुसरी नजर पायजे. तेजस्वी, तू टेबलावर बस. साक्षीच म्हणाली, ताईंना घ्या."

टेबल मिळालं. तिच्याकडून!

दुपारी डबा उघडताना तिने विचारलं, "ताई, त्या दिवशी तुम्ही शेजारीच हुतासा की. दिसलं न्हाय व्हय?"

"नाही," म्हणाले.

११ नोव्हेंबर

सांगून टाकलं तिला. दिसलं होतं.

"ठावं हाय, ताई. प्लास्टिकं उगंच न्हाय मोजली मी. कार्ड गेलं त्या सांजंला जाताना तुम्ही माझ्याकडं बघून हसलासा. सात म्हैन्यांत पयल्यांदा."