नादारीला बाबा तयार नाहीत

ती. सावित्रीआतेस आकांक्षाचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? काजूला मोहोर बरा आहे ना? आम्ही इकडे ठीक आहोत (हे वाक्य पत्रात घालावंच लागतं). फोनच करणार होते, पण काका तुझा फोन स्पीकरवर ठेवून बागेत फिरतात, म्हणून पत्र.

पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांनी बाबांना बुडवलं, हे तुला माहीत आहेच. समुद्राने रस्ता खाल्ला, पर्यटक दुसऱ्या गावी गेले आणि हप्ते तेवढे आमच्याकडे मुक्कामाला राहिले. घरातली पहिली पदवीधर म्हणून मार्ग मीच शोधायचा, असं मीच ठरवलं. मार्ग दोन निघाले. एक, कर्ज मिटवून देणारी कंपनी. ती म्हणते, हप्ते थांबवा, दरमहा आमच्याकडे साठवा, आम्ही निम्म्यावर तडजोड करू. (फी आधी. तडजोड झालीच नाही तर काय, असं विचारलं की फोन कटतो.) दुसरा, ओरोसच्या जिल्हा कोर्टात नादारीचा अर्ज. कोर्ट असेल ते विकून देणी वाटतं आणि उरलेल्यातून माणूस सुटू शकतो. मला दुसरा प्रामाणिक वाटला. बाबा म्हणाले, "कोर्टात उभो ऱ्हवान 'माझ्याकडे काय नाय' म्हणान सांगू? पेपरात नाव येतला गो!"

कंपनीतल्या मुलीने फोनवर बाबांना विचारलं, तुमचा ताण एक ते दहामध्ये किती? बाबा म्हणाले, "आठ. वारो सुटलो तर नऊ." मग तिलाच जेवायला बोलावलं.

शेवटी देवाला कौल लावायचं ठरलं. मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांपैकी उजवी पडली तर कंपनी, डावी पडली तर नादारी. देवापासून काय लपवायचं, म्हणून मी गुरवांना सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी भर आरतीच्या गर्दीत तेवढंच सविस्तर गाऱ्हाणं घातलं, पतपेढी, बँक, मोबाईलवरचं कर्ज, सगळं. प्रत्येक कर्जामागे अख्खा गाव मोठ्याने म्हणाला, "व्हय म्हाराजा!" पाकळी एकही पडली नाही. गुरव म्हणाले, "देव इचार करता हा."

तेव्हापासून बाबा दुकानात भर दुपारीच जातात, कोणी नसतं तेव्हा. मासेवाल्या हौसाबाईने न मागता बांगडे दिले, पैसे घेतले नाहीत. बाबांनी ते खाल्ले नाहीत. मी चूक केली असं कोणीच म्हणत नाही, आते. कोणीतरी म्हणायला हवं होतं.

काकांना नमस्कार.

तुझी
आकांक्षा

ता. क. पेपरात नाव येईल हे बाबांचं नुसतं निमित्त होतं. पतपेढीच्या कर्जाला काका जामीन आहेत. अर्जाचं विचारायला गेले तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, नादारीत बाबा सुटले तरी जामीन सुटत नाही. घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "माका ठावक होता. ताईच्या दारात नोटीस जावची, तेच्यापेक्षा कंपनीन माका लुटल्यान तरी चलात." (कंपनीच्या सांगण्यावरून हप्ते थांबले तरी नोटीस तुमच्याकडेच येणार. हे बाबांना पटत नाही.)

आणखी एक. पुढच्या सोमवारी आईच्या पाटल्या मोडून बाबा कंपनीची फी भरणार आहेत. काकांना जामिनाची आठवण कर आणि त्याआधी दोघं या. नादारी घेतली तर ओझं तुमच्यावर येईल, हे लपवून मी बोलावत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मला राग येणार नाही. पण ते तुमच्या तोंडून ऐकू दे. सध्या तुमच्या वतीने बाबांनीच परस्पर उत्तर देऊन टाकलंय.