चिठ्ठी पोचली

४ फेब्रु. ९१
तक्ता एकदाचा पूर्ण. बदलापूरच्या आपल्या दवाखान्यातून उल्हासनगरच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देऊन धाडलेले पेशंट तिथवर जातात का, हे मोजायचं होतं. पेशंटना विचारायचा प्रश्न मीच ठरवला: चिठ्ठी पोचली का? एकोणीसपैकी एकोणीस 'होय'. डॉ. खूश. "सिस्टर, नाव काढलंत!" चक्क चहा सांगितला.
मला खटकतंय. एकही 'नाही' कसा नाही?

७ फेब्रु.
बारवी धरणाकडच्या पाड्यावर लसीकरण. तिथे सोनी. खोकल्यातून रक्त पडतं म्हणून दोन महिन्यांपूर्वी धाडलेली. नुसती हाडं राहिलीत. म्हटलं, "अगं, हॉस्पिटलात गेलेलीस ना? चिठ्ठी पोचली म्हणालीस!"
"पोचली ना बाय. तुज्या हातून माज्या हातात."
उठून पत्र्याचा डबा काढला. रेशनकार्डाच्या घडीत चिठ्ठी, वर हळदकुंकवाचं बोट. "डाक्टरच्या हातची हाय. जपून ठेवलीय."
शुद्ध मूर्ख आहे मी! पोचली म्हणजे तिला पोचली. ती पुढे न्यायची, हे सांगितलं कुणी? मी तर नाही.

८ फेब्रु.
सोनीला घेऊन उल्हासनगर. एक्स-रे, थुंकी. तिथले डॉक्टर चिठ्ठीवरची तारीख बघून म्हणाले, "दोन महिने काय करत होतात?" सोनी माझ्याकडे बघायला लागली. मी जमिनीकडे.
ठेवून घेतलंय. वाचेल ना?

९ फेब्रु.
डॉ.ना म्हटलं, तक्ता परत मागवा. "गेला तो ठाण्याला, जिल्हा ऑफिसात. आता कशाला उकरून काढताय?"
"साहेब, अजून अठरा जण आहेत." जरा चढ्या आवाजातच बोलले. बोलले तर बोलले.
डॉ.नी पेन मिटवलं. मग, "तुमच्या वेळात काय ते करा."

११ फेब्रु.
रजा टाकली. आता प्रश्न एकच: चिठ्ठी दाखव.
चार घरं झाली. तिघांच्या चिठ्ठ्या घरातच, एक तर देवापुढे. तिघांनाही उद्या न्यायचंय. चौथा गणपत, वांगणीच्या अलीकडे. त्यालाही सोनीसारखाच खोकला. दार सुतळीने बांधलेलं.
शेजारीण म्हणाली, "वीटभट्टीला गेली बाय सगली."
कुठल्या?
"ते मुकादमाला ठाव."
माझ्याकडच्या यादीत गणपतपुढे माझ्याच हातचं 'होय'. मुकादम कुठे राहतो, तेही कुणाला सांगता येईना.