पोळीचा मध्यबिंदू

कमरीपेठ, हुबळी
१२ मार्च २०२४

चि. मधुवंतीस, अ. उ. आशीर्वाद.

फोनवर तू हसून उडवतेस, म्हणून पत्र. आईमागं तुला मी वाढवलं, तेव्हा माझ्या होकाराशिवाय लग्न नाही. तो प्रभंजनही गणितातलाच! एका घरात दोन गणिती, मग कुकरच्या शिट्ट्या मोजणार कोण? होळीला पुरणपोळी खायला पाठव त्याला. तुमच्याच गणिताची परीक्षा घेते.

लोभ आहेच, उतू चाललाय.
अंबूआत्या

धारवाड
१६ मार्च

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

तुझ्या होकाराशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही, हे ठाऊक आहे म्हणूनच छळतेस ना? बरं, परीक्षा अशी घे. पोळी कितीही वेडीवाकडी लाट, प्रभंजन तिचा मध्यबिंदू दाखवील. त्यातून सुरी कुठल्याही दिशेनं सरळ फिरव, लहान तुकडासुद्धा पोळीच्या नऊ भागांतल्या चारांहून कमी भरणार नाही.

फक्त पोळी बहिर्वक्र हवी, म्हणजे कुठं आत दबलेली नको. मग एका टोकापासून तिची रुंदी वाढत जाते नि उतरते, मधे खळगा पडत नाही. ते रुंदीचं फलन अंतर्वक्र. माझा प्रबंध त्यावरच आहे. आत्या, खोडी काढू नकोस गं!

लोभ जरा त्याच्याकडंही वळवावा, ही विनंती.
मधू

कमरीपेठ, हुबळी
२६ मार्च

चि. मधूस, अ. उ. आ.

पोळी बहिर्वक्र नि फलन अंतर्वक्र! वाकडं काहीतरी हवं, एवढं मला कळलं. म्हणून पोळीवर एका कडेला सरकवून ताटली ठेवली, मोठा गोल तुकडा कापला नि खाऊन टाकला. उरली बारीक चंद्रकोर.

प्रभंजन आला, पाया पडला, पोळी निरखत बसला. म्हटलं, बरा सापडला! तर त्यानं बोट ठेवलं ते ताटातल्या रिकाम्या जागी. म्हणाला, हिचा मध्य पोळीबाहेर पडतो, तिथला भाग तुमच्या पोटात आहे, आता सुरी कुठं चालवू, अंबक्का? अय्यो शिवनं! हसून हसून मला ठसका लागला. पाणीही त्यानंच आणून दिलं.

खरं सांगू? तू गेलीस की या घराचाही मध्य रिकाम्या जागीच पडणार. त्या भीतीनं नाचवत होते तुम्हाला. लिहितानाही डोळे भरून आले बघ.

पण पोर गोड आहे. माझा होकार. कुकर त्याला लावायला सांग.

लोभ दोघांत वाटून घ्या, भांडू नका.
अंबूआत्या

ता. क. शिट्ट्या मोजायला मी येत जाईन.